परातीतली ज्वारी

नमस्कार श्रोतेहो. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे जेवणं, कपडे घालणं, लिहिणं अशी रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारी. १९५० साली कमला निंबकरांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात हे शिक्षण सुरू केलं. तरी पालक अजून मला विचारतात, "मॅडम, इथं पोरांना नुसतं खेळायलाच लावता का?" हो, खेळायलाच लावते. खेळता खेळता कान, कातडी, सांधे, स्नायू यांचा मेंदूशी मेळ बसतो.

एक पाच वर्षांचा मुलगा सांगते. सोलापूरच्या पूर्व भागातलं, विणकरांच्या वस्तीतलं घर, आजोबांचा जन्म मागावर गेलेला. पोरगं भात कालवायचं नाही, बोटाला चिकटतो म्हणून. शर्टाचं लेबल टोचलं की शर्टच काढून टाकायचं. गड्ड्याच्या जत्रेत नेलं तर कानांवर हात दाबून खालीच बसलं. शाळेची तक्रार एकच, पेन्सिल धरत नाही. घरात सगळे म्हणायचे, हट्टी आहे. हट्टी नव्हतं हो ते. हट्टी नव्हतं. साधा स्पर्श, साधा आवाज त्याला सोसवतच नव्हता.

मी आजीला म्हटलं, परात घ्या. आधी ज्वारीचे दाणे, त्यात चिंचोके लपवा, त्यानं शोधायचे. ते जमलं की कोरडं पीठ. मग ओलं. ओल्या पिठाला त्यानं एक बोट लावलं आणि लगेच आजीच्या पदराला पुसलं. आजीनं त्याचा हात धरून दाबला नाही, शेजारी आपली भाकरी थापत राहिली. मालदांडी ज्वारीची भाकरी पाहुण्यांपुरती आणि लेकरांच्या डब्यात रोज ब्रेड, हे मला बघवत नाही. असो.

मग चादर. आपली जाडजूड सोलापुरी. तीत त्याला गुंडाळायचं, तोंड उघडं ठेवायचं, तो "बस" म्हणाला की त्या क्षणी सोडायचं. अंगावर सगळीकडून एकसारखा दाब आला की अशी बरीच पोरं निवतात. महिन्याभरात तोच चादर ओढत आणायला लागला, "आजी, गुंडाळ की!"

चौथ्या महिन्यात आजी डबा घेऊन आली. आत तळहाताएवढी भाकरी, कडा फाटलेल्या, मधे पाची बोटं उमटलेली.

आता पेन्सिल. धरतात बोटं, पण आधार खांद्याचा लागतो. आधी खांदा, मग मनगट, मग बोटं. परत सांगते, आधी खांदा. म्हणून पोरांना अर्धी बादली उचलू द्या, फडकं पिळू द्या, शेंगा सोलू द्या. ज्युनिअर केजीत चार रेघी वही मला अजिबात पटत नाही.

पाचवं सरलं तरी मूल जिना एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरत असेल, किंवा नखं कापताना दर वेळी आकांत करत असेल, तर "मोठं झालं की होईल" म्हणून थांबू नका. थेरपिस्टला दाखवा. येताना घरातली चादर घेऊन या.