लांडगा होताना दुखायला हवं

नमस्कार श्रोतेहो.

भयपटांचा विषय निघाला की एक वाद हमखास रंगतो. रबर, केस आणि तारा वापरून हातांनी घडवलेलं भूत चांगलं, की संगणकातून आलेलं? या वादात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकते. निदान माणसाचा लांडगा होतो त्या गोष्टीत, म्हणजे वेअरवुल्फच्या चित्रपटांत, मी हातांच्या बाजूची आहे. का, ते आज सांगायचंय.

१९८१ साली जॉन लँडिस या दिग्दर्शकाचा ‘ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’ आला. त्यातला तो प्रसंग तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. एका नर्सचा साधासा फ्लॅट. तिच्याकडे राहणारा अमेरिकन तरुण त्या रात्री घरात एकटा आहे. अंगाची आग होतेय म्हणून तो किंचाळतो, कपडे ओरबाडून काढतो आणि स्वतःच्या हाताकडे बघतो. तळहात लांबत चाललाय. पाठीचा कणा वर येतो, पायाची हाडं ताणली जातात, आणि तो मदतीसाठी हाका मारत राहतो. मागे ‘ब्लू मून’ हे गोड गाणं चालू आहे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खोलीत उजेड आहे. भयपटातला नेहमीचा अंधार नाही, धुकं नाही. लपवायला जागाच ठेवलेली नाही.

हे घडवलं रिक बेकर या रंगभूषाकाराने. लँडिसने ही पटकथा १९६९ मध्येच लिहिली होती आणि बेकरशी त्याचं बोलणंही झालं होतं. पैसे उभे राहीपर्यंत बरीच वर्षं गेली, त्यामुळे विचार करायला बेकरला भरपूर वेळ मिळाला. लांबणारा तो हात म्हणजे नटाच्या हातावरून साचा घेऊन केलेला खोटा हात. आतली यंत्रणा ढकलली की वरची रबराची कातडी ताणली जायची. जबडा पुढे येतो तो चेहराही तसाच, खोट्या डोक्याचा. अंगावर केस उगवतात त्याची युक्ती तर मला फार आवडते. रबराच्या कातडीत केस रोवायचे, मागच्या बाजूने ते हळूहळू आत ओढून घ्यायचे आणि फिल्म उलटी चालवायची. पडद्यावर केस बाहेर येताना दिसतात. काही शॉटमध्ये नटाचं निम्मं शरीर जमिनीखाली आहे. फरशीला भोक पाडून तो छातीपर्यंत वर आलाय आणि त्याच्यापुढे पसरलेलं धड खोटं आहे.

आता माझा मुद्दा. ही गोष्ट मुळात दुखण्याची आहे. हाड वाढतंय, कातडी पुरत नाही, आणि आतला माणूस शुद्धीवर आहे. रबर ताणताना विरोध करतं. एका हद्दीपर्यंतच जातं, थरथरतं, त्याला सुरकुत्या पडतात. तो विरोध आपल्या डोळ्यांना कळतो, कारण कातडी ताणली की काय होतं ते आपल्या शरीराला ठाऊक असतं. संगणकातल्या कातडीला मुळात कसलाच विरोध नसतो. तो कुणीतरी हिशेब करून, मेहनतीने त्यात घालावा लागतो, आणि घाईच्या कामात नेमका तोच राहून जातो. मग चेहरा लोण्यासारखा वितळून लांडगा होतो. दिसायला सफाईदार, पण दुखत काहीच नाही.

शिवाय रबराचा हात एकच काम करू शकतो. त्यामुळे दिग्दर्शकाला ठरवावं लागतं की इथे हात, मग चेहरा, मग पाय. प्रत्येक तुकड्यासाठी कॅमेरा कुठे ठेवायचा हेही आधी ठरवावं लागतं. ही अडचणच त्या प्रसंगाची लय बनली. पुढच्या वर्षी ऑस्करमध्ये रंगभूषेचा नियमित पुरस्कार पहिल्यांदाच दिला गेला, आणि तो बेकरला मिळाला.

ही विद्या त्याच्याआधीचीही आहे. १९४१ च्या ‘द वुल्फ मॅन’मध्ये जॅक पिअर्सने लॉन चेनी ज्युनिअरच्या तोंडावर याकचे केस चिकटवले होते. नटाने हलायचं नाही, केसांचा एकेक थर वाढवायचा आणि चित्रावर चित्र विरघळवत न्यायचं. बेकरच्या हाताखाली शिकलेल्या रॉब बॉटिनने १९८१ मध्येच ‘द हाउलिंग’ या दुसऱ्या वेअरवुल्फच्या चित्रपटासाठी कातडीखाली हवेच्या पिशव्या फुगवल्या. मुळात ते काम बेकरकडे होतं. लँडिसचा चित्रपट सुरू झाला तेव्हा बेकरने ते बॉटिनच्या हाती दिलं. मग बॉटिन जॉन कार्पेंटरच्या ‘द थिंग’ या, रूपं बदलणाऱ्या परग्रहावरच्या प्राण्याच्या भयपटाकडे गेला. तेव्हा तो विशीत होता, आणि त्या कामाने इतका थकला की शेवटी त्याला इस्पितळात न्यावं लागलं. हातांच्या कामाचं कौतुक करताना ही किंमतही विसरू नये असं मला वाटतं.

संगणकाला सरसकट नावं ठेवणं मात्र मला पटत नाही. १९९३ चा ‘जुरासिक पार्क’ आठवा. पावसातल्या त्या प्रसंगात स्टॅन विन्स्टनच्या कार्यशाळेत बनलेला भलामोठा यांत्रिक डायनोसॉर होता. पाणी पिऊन त्याची रबरी कातडी जड झाली, यंत्र थडथडायला लागलं आणि लोकांना मधूनमधून त्याला पुसून कोरडं करावं लागलं. पूर्ण अंगाने चालणारा प्राणी मात्र संगणकातला. दोन्ही एकाच प्रसंगात, आणि सांधा दिसत नाही. खऱ्या कातडीवर पाऊस आणि दिवे कसे दिसतात याचा नमुना संगणकावर काम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढेच होता, हे त्यामागचं एक मोठं कारण.

वाईट वाटतं ते नंतरचं. १९९७ मध्ये लंडनच्या लांडग्याचा पुढचा भाग आला, ‘ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन पॅरिस’. त्यातले लांडगे संगणकातले होते, आणि त्यांना वजनच नव्हतं. २०१० च्या ‘द वुल्फमन’मध्ये तर खुद्द रिक बेकर होता. बेनिसिओ देल तोरोची लांडग्याची रंगभूषा त्याने केली आणि त्यासाठी डेव्ह एल्सीबरोबर ऑस्करही घेतलं. पण माणसाचा लांडगा होतानाचा प्रसंग संगणकाकडे गेला. ज्या माणसाने हा प्रसंग जगाला दाखवला, त्यालाच त्या प्रसंगातून बाजूला ठेवलं! २०११ मध्ये ‘द थिंग’च्या आधीची गोष्ट सांगणारा नवा चित्रपट निघाला. टॉम वुड्रफ आणि ॲलेक गिलिस यांच्या चमूने प्रत्यक्ष घडवलेल्या आकृत्यांवर नंतर बऱ्याच ठिकाणी संगणकाचं काम चढवलं गेलं. घडवलेलं काम पडद्यावर न दिसण्याचं ते दुःख मला समजतं.

रेडिओवर आहे म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगते. हाड मोडण्याचा आवाज आजही बरेचदा सेलरी या भाजीचे ताजे दांडे माइकजवळ कडकन मोडूनच काढतात. चित्र संगणकात गेलं तरी आवाज हातांकडेच राहिला आहे.

आपल्याकडे काय? २०२४ चा ‘मुंज्या’ घ्या. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, गोष्ट कोकणातली, आणि मुंज्या पूर्णपणे संगणकातला. तिथे मला तक्रार नाही. पिंपळावरच्या मुंज्याला मुळी शरीरच उरलेलं नाही, त्याने उड्या माराव्यात, आपल्या डोक्यावरून जावं. त्याला वजन नसलं तरी चालतं.

राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मध्ये मात्र आजी आहे. तिला शाप आहे, मरण नाही, सडत जाणारं शरीर मात्र आहे. तिथे रंगभूषाच हवी होती, आणि तीच केली गेली. त्या रंगभूषेखाली मोहम्मद समद हा लहान मुलगा होता, ज्याने पुढे त्याच चित्रपटात नायक विनायकाच्या मुलाचं, पांडुरंगाचंही काम केलं. छोट्या विनायकाला आईने सांगितलेलं असतं की आजीला खाऊ घाल. तो तिच्याकडे जातो तेव्हा त्याची नजर बघा. शून्यात बघून घाबरण्याचा अभिनय त्याला करावा लागलेला नाही. समोर कुणीतरी होतं, आणि घास त्यालाच भरवायचा होता.