टिकिट बंद झाल्यावर

(दृश्य : ऐरोली. रात्रीचा ठाणे-बेलापूर रस्ता. आयटी पार्कचे दोन-तीन मजले अजून उजळलेले.)

रात्रीचे अडीच. एका बँकेची पेमेंट्स अडकली आहेत. सर्व्हिस डेस्कवर, म्हणजे आयटीच्या तक्रारी घेणाऱ्या टेबलावर, टिकिट (तक्रारीची नोंद) पडतं, पी-वन. म्हणजे हातातलं सगळं सोडून आधी हेच. ब्रिज कॉलवर, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र फोनवर, माणसं जमतात, एसएलएचं (करारात कबूल केलेल्या वेळेचं) घड्याळ चालू झालेलं असतं. रात्रपाळीचा इंजिनिअर सर्व्हरवर जाऊन बघतो, तर डिस्क शंभर टक्के भरलेली. जुन्या लॉग फाइल्स (सर्व्हर आपोआप लिहितो त्या नोंदी) तो दुसरीकडे हलवतो, सर्व्हिस रीस्टार्ट करतो. पेमेंट्स सुरू. तीन वाजून पाच मिनिटांनी टिकिट बंद, सगळे खूश.

पुढच्या बुधवारी डिस्क पुन्हा भरते.

आयटी सर्व्हिस मॅनेजमेंटच्या क्लासमध्ये जे शिकवतात, ते या दुसऱ्या बुधवारसाठी असतं. सेवा लवकरात लवकर पूर्ववत करणं हे इन्सिडंट मॅनेजमेंट. ते आपल्या पोरांना उत्तम जमतं. पण डिस्क भरतेच का, हे शोधणं प्रॉब्लेम मॅनेजमेंटचं काम; त्याचं वेगळं रेकॉर्ड, वेगळा माणूस. इथे शोध घेतल्यावर कळतं, की महिन्यापूर्वी पॅचिंग, म्हणजे सॉफ्टवेअरची दुरुस्ती, झालं तेव्हा जुने लॉग आपोआप साफ करणारा प्रोग्रॅम बंद केला होता. तो परत चालू करायचा राहिला आणि चेंज रेकॉर्डमध्ये, म्हणजे केलेल्या बदलाच्या नोंदीत, त्याचा उल्लेखच नव्हता.

(दृश्य : रबाळे एमआयडीसी. जुन्या कारखान्याची भिंत, शेजारी डेटा सेंटर.)

ज्यांचे वडील याच पट्ट्यात केमिकल प्लांटमध्ये होते, त्यांना यात नवल वाटणार नाही. वर्क परमिटवर सही झाल्याशिवाय फिटर पाइपलाइनला हात लावत नसे, आणि काम संपलं की परमिट बंद करायलाही सही लागे. चालू सर्व्हरमधल्या बदलाचंही तसंच : काय बदलणार, कोण मंजूर करणार, बिघडलं तर मागे कसं यायचं, हे आधी लिहायचं. रात्रपाळीत याला कागदी घोडे म्हणतात. पॅच बिघडून बॅक-आउट प्लॅन, म्हणजे तो मागे येण्याचा मार्ग, शोधायची वेळ आली, की म्हणत नाहीत.

ही सगळी मांडणी ज्या आयटीआयएलमधून, म्हणजे आयटी सेवा कशी चालवावी याच्या मार्गदर्शक पुस्तकांतून, आली, ते मूळचं ब्रिटिश सरकारचं. सरकारी खात्यांचा कॉम्प्युटरचा कारभार सुधारावा म्हणून सीसीटीए या त्यांच्या संस्थेने १९८०च्या दशकात ते लिहायला घेतलं. आयटीआयएल ४ आलं २०१९मध्ये. २०२१मध्ये त्याची मालकी पीपलसर्ट या परीक्षा घेणाऱ्या कंपनीकडे गेली. परीक्षाही तिची आणि अभ्यासक्रमही तिचा! २०२३पासून प्रमाणपत्राला तीन वर्षांची मुदत आहे, मग नूतनीकरण. यावर क्लासमध्ये कुरकुर होते, आणि ती रास्त आहे.

(दृश्य : कोपरखैरणे. सिडकोची बैठी घरं. एका खोलीत लॅपटॉपसमोर तरुणी.)

आयटीआयएल ४ फाउंडेशन या पहिल्या पायरीच्या परीक्षेत ४० प्रश्न, ६० मिनिटं, २६ बरोबर आले की पास. परीक्षेची भाषा तुमची मातृभाषाही नाही आणि कामाचीही नाही, अशांना ७५ मिनिटं मिळू शकतात. घरून परीक्षा देता येते, पण कॅमेऱ्यासमोर सगळी खोली फिरवून दाखवायची, टेबल रिकामं हवं, मध्ये कुणी आत यायचं नाही. दोन खोल्यांच्या घरात ही अट अभ्यासापेक्षा अवघड. “आई, तासभर मिक्सर लावू नकोस. आणि गॅसवाला आला तर दारातूनच बोल.”

आता नोकरीचं. फाउंडेशन म्हणजे या कामाची बाराखडी, त्याहून जास्त नाही. एचआरच्या चाळणीतून बायोडेटा पुढे सरकायला ते उपयोगी पडतं. इंटरव्ह्यूत इन्सिडंट आणि प्रॉब्लेममधला फरक विचारतात, तो सगळेच पाठ म्हणून दाखवतात. मग पुढचा प्रश्न येतो : शेवटचा आरसीए, म्हणजे मूळ कारणाचा अहवाल, कधी लिहिलात? काय सापडलं? तिथे ज्याने रात्रपाळीत एखादं टिकिट शेवटपर्यंत लावून धरलंय, तो बोलायला लागतो. बाकीचे पुस्तकातल्या व्याख्येवर परत येतात.

म्हणून फ्रेशर असाल, तर आधी सहा-आठ महिने सर्व्हिस डेस्कवर बसा, मग परीक्षेचे पैसे भरा. नोकरीत असाल, तर स्वतःच्या खिशातून भरण्याआधी मॅनेजरला विचारा. बऱ्याच कंपन्या पास झाल्यावर फी परत देतात. मात्र त्या मेलमधली खालची ओळ नीट वाचा. ठरावीक मुदतीच्या आत नोकरी सोडली, तर ती रक्कम शेवटच्या पगारातून कापून घेतात.