चुकीसाठी आधीच जागा

श्रोतेहो, नमस्कार.

1911 साली दक्षिण ध्रुवाची मोहीम आखताना नॉर्वेचे संशोधक रोआल्ड अमुंडसेन यांनी वाटेवर आधीच अन्नाचे साठे करून ठेवले होते. बर्फाच्या सपाट मैदानात असा साठा परत सापडणं महाकठीण. म्हणून त्यांनी साठ्याच्या दोन्ही बाजूंना, वाटेला आडवे, दहा-दहा झेंडे रोवले. दोन झेंड्यांमध्ये अंतर सुमारे 900 मीटर. साठा कोणत्या बाजूला आणि किती लांब आहे, हे झेंड्यावरच्या खुणेवरून कळे. परतताना वाट 8-9 किलोमीटर चुकली, तरी हाताशी काहीतरी लागावं!

पुढचा विचार म्हणजे काय, ते मला या वीस झेंड्यांत दिसतं. उद्या काय होईल याचं भाकीत त्यांत नाही. आपण चुकणार हे धरून केलेली तजवीज आहे.

आपलं घोडं अडतं ते नेमकं इथेच. सगळं सुरळीत होईल असं मनाशी धरून आपण दिवस मोजतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये या सवयीला ‘प्लॅनिंग फॅलसी’ म्हटलं. सिडनीचं ऑपेरा हाऊस 1963 मध्ये पुरं व्हायचं होतं. उघडलं 1973 मध्ये. म्हणून आपल्यासारखंच काम इतरांनी केलं तेव्हा प्रत्यक्षात किती दिवस लागले ते आधी विचारा, आणि आपला हिशेब तिथून सुरू करा.

मग दहा मिनिटं काढा. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची ही रीत आहे. काम फसलं आहे असं समजा आणि का फसलं ते लिहा. ‘फसू शकेल’ म्हटलं की मन सारवासारव करतं, ‘फसलं’ म्हटलं की कारणं भराभर सुचतात. चारजण असाल तर आधी प्रत्येकाने गुपचूप लिहायचं. नाहीतर पहिला बोलतो त्याचीच री बाकीचे ओढतात.

त्यातली दोन-तीन कारणं निवडून प्रत्येकासाठी जर-तरचं एक वाक्य करा. ‘शुक्रवारी दुपारपर्यंत कागद आला नाही, तर मी स्वतः जाऊन आणीन.’ कोण, कधी, काय, हे तिन्ही त्यात हवं. ‘बघू काहीतरी’ चालणार नाही. ज्या काळजीपुढे असं वाक्य लिहिताच येत नाही, ती रात्रभर उगाळून हाती काही लागत नाही. ती खुशाल सोडून द्या.

आणि हे वाक्य वहीत मिटून ठेवू नका. झेंडे वाटेवर रोवायचे असतात. कॅलेंडरवर त्या शुक्रवारच्या चौकोनात ते आजच लिहा.