समोर कोण होतं?

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय मुलींच्या शालेय बास्केटबॉलबद्दल आणि त्यातल्या आकडेमोडीबद्दल. आकडेमोड म्हटल्यावर रेडिओ बंद करू नका, कारण यातली मुख्य गोष्ट तुम्ही रोज सकाळी डेअरीवर दूध घालताना बघताच.

मी शाळेत गणित शिकवायचो आणि सुट्टीच्या दिवशी बास्केटबॉलच्या स्पर्धांना स्कोअरर म्हणून टेबलावर बसायचो. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, आपल्याच सांगली जिल्ह्यातली. एक निमंत्रितांची स्पर्धा होती, मुलींची, सतरा वर्षांखालची. आठ टीमची नावं आलेली आणि बोलवायच्या होत्या चार. आता चार कोणत्या? तर आयोजकांनी काय केलं, त्या सीझनला कोणी किती मॅच खेळल्या, किती जिंकल्या, त्याची टक्केवारी काढली आणि वरच्या चार घेतल्या. कार्डशीटवर स्केचपेननं यादी लिहून ऑफिसच्या दाराला टाचणीनं लावली. साधा सरळ हिशेब, मलाही त्यात काही चुकीचं वाटलं नव्हतं.

त्या यादीत पाचव्या नंबरवर शिराळ्याकडच्या एका गावातली टीम होती. त्यांचं कोर्ट मुरमाचं, पाऊस झाला की बॉल उसळतच नाही, बदकन बसतो, म्हणून त्या पोरी पावसाळाभर नुसते पास आणि पायांचं काम करायच्या आणि त्यामुळेच त्यांचं पासिंग इतकं सुंदर होतं की बघत राहावं. सहा मॅच खेळल्या होत्या, तीन जिंकल्या, तीन हरल्या. म्हणजे पन्नास टक्के. दुसऱ्या नंबरला शहरातली एक टीम होती, दहा खेळून आठ जिंकलेली, ऐंशी टक्के.

यादी बघून पोरी निघाल्या, एसटी पाचची होती. त्यांची कॅप्टन तेवढी मागे राहिली. माझ्या टेबलापाशी आली, हातात शंभर पानी वही, ब्राऊन पेपरचं कव्हर घातलेली, मागच्या पानांवर सगळ्या मॅच लिहिलेल्या. समोरच्या टीमचं नाव, दोन्हीकडचे पॉइंट्स, जिंकलो तिथे ज, हरलो तिथे ह. वही माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "सर, पैल्या नंबरच्या टीमनं आमाला तीन पॉइंटनी हरवलं. चौथ्या नंबरच्या टीमला आमी हरवलं. मग आमी पाचवे कसे?"

मी म्हणालो, "बाळ, टक्केवारीत तसं येतं."

ती "बरं सर" म्हणाली, वही उचलली आणि गेली. रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. घरी येईपर्यंत ते "बरं सर" कानात होतं, कारण तिचा प्रश्न गणिताचा होता आणि मी गणिताचा मास्तर असून उत्तर दिलं नव्हतं.

जेवण झाल्यावर एक जुनी लग्नपत्रिका घेतली, तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आठवतील तेवढे निकाल लिहीत बसलो. आमच्या सौ. दही विरजत होत्या. त्यांच्या माहेरी म्हशी, डेअरीचा सगळा व्यवहार लहानपणापासून बघितलेला. त्यांनी विचारलं काय चाललंय, मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, डेअरीत नुसत्या लिटरवर दर देतात का? फॅट नको का बघायला?"

श्रोतेहो, सगळी गोष्ट या वाक्यात आहे. जिंकलेल्या मॅच म्हणजे लिटर. आणि समोर कोण होतं, हे म्हणजे फॅट.

मग मी फॅट काढायला बसलो. शहरातल्या टीमनं ज्यांच्याशी मॅच खेळल्या त्या टीम स्वतः किती जिंकल्या होत्या? सरासरी तीस टक्के. त्यातल्या दोन तर त्याच वर्षी सुरू झालेल्या. आणि शिराळ्याकडच्या पोरींच्या समोर कोण होतं? सरासरी सत्तर टक्के जिंकणाऱ्या टीम. हे काढताना एक काळजी घ्यायची बरं का, आपल्याशी झालेली मॅच त्यातून वगळायची, नाहीतर आपणच समोरच्याला हरवून त्याचा आकडा खाली आणतो. मग मी साधं केलं, आपले टक्के आणि समोरच्यांचे टक्के, दोन्हीची सरासरी. शहरातली टीम, ऐंशी आणि तीस, पंचावन्न. शिराळ्याकडच्या पोरी, पन्नास आणि सत्तर, साठ. सगळ्या आठ टीमचं तसं केलं तर त्या पोरी तिसऱ्या आल्या. शहरातली टीम पाचवी.

सकाळी पत्रिका घेऊन आयोजकांकडं गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पण टीमना फोन गेले होते, कार्यक्रमपत्रिका छापून झाली होती. पोरींच्या मॅच दुपारी बारा वाजता लावलेल्या आणि मुलांच्या संध्याकाळी सावली पडल्यावर. हे अजूनही बघतो मी आणि दर वेळी राग येतो. उन्हात तापलेल्या सिमेंटवर पोरींनी का पळायचं? १८९१ ला अमेरिकेत नायस्मिथनं हा खेळ काढला आणि पुढच्याच वर्षी, १८९२ ला, सेंडा बेरेन्सन यांनी स्मिथ कॉलेजात मुलींना तो शिकवला, म्हणजे मुली या खेळात जवळजवळ पहिल्या दिवसापासून आहेत. संध्याकाळचं कोर्ट आलटून पालटून द्या, एवढंच म्हणणं आहे.

असो, मूळ मुद्दा. मी जे पत्रिकेवर केलं ते काही मी शोधलेलं नव्हे, हे मला नंतर कळलं. अमेरिकेत एकेका राज्यात शेकडो हायस्कूल खेळतात, सगळ्यांची सगळ्यांशी मॅच होणं शक्यच नाही, त्यामुळे हाच प्रश्न त्यांना फार आधी पडला. तिथल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये १९८१ पासून आरपीआय नावाची पद्धत आली. त्यात आपल्या विजयांना वजन फक्त पंचवीस टक्के, समोरच्या टीमच्या विजयांना पन्नास टक्के आणि त्या समोरच्यांच्या समोर जे होते त्यांना पंचवीस टक्के. परत सांगतो, आपले पंचवीस, समोरच्यांचे पन्नास, त्यांच्या समोरच्यांचे पंचवीस. पुढे कॉलेजवाल्यांनी ती बदलून नेट नावाची नवी पद्धत आणली, मुलांसाठी २०१८ ला आणि मुलींसाठी २०२० ला. तिथेही मुली दोन वर्षं मागे.

नेट सुरू झाली तेव्हा त्यात जिंकण्याचा फरक दहा पॉइंट्सपर्यंतच धरायचे, आणि शाळेच्या पातळीवर मला हे फार पटतं. कमकुवत टीमला साठ-आठ असं हरवून कोणाचं काय सिद्ध होतं? पॉइंट्सचा फरक पूर्ण मोजायला लागलात तर प्रत्येक कोच शेवटच्या मिनिटापर्यंत पहिल्या पाच मुली कोर्टवर ठेवणार, बेंचवरच्या पोरींना कधी हात लागणार बॉलला?

दुसरी पद्धत इलोची. सांगलीकरांना ती समजावून सांगायची गरज नाही, नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धांमुळे आपल्याकडं रेटिंग हा शब्द घरातलाच आहे. आर्पाद इलो हे फिजिक्सचे प्राध्यापक, १९७० ला जागतिक बुद्धिबळ संघटनेनं त्यांची पद्धत घेतली. दोघांत दोनशे रेटिंगचा फरक असला तर वरचा शंभरातले साधारण शहात्तर गुण घेणार असं धरलेलं असतं. तेवढं जमलं तर फारसं काही हलत नाही, पण खालच्यानं वरच्याला हरवलं की रेटिंग चांगलं चढतं. म्हणजे इथेही तेच, समोर कोण होतं? बास्केटबॉलला हे जसंच्या तसं लावता येतं, फक्त दर मॅचनंतर लिहून ठेवायला कोणीतरी पाहिजे.

आणि एकच मॅच खेळून ती जिंकली म्हणून शंभर टक्के, हेही धरू नका. प्रत्येकीच्या खात्यात एक जिंकलेली आणि एक हरलेली मॅच आधीच टाकून ठेवायची. मग एकात एक जिंकणारी टीम होते तीनात दोन, सदुसष्ट टक्के. आणि दहात नऊ जिंकणारी होते बारात दहा, त्र्याऐंशी टक्के. आता खरं चित्र दिसलं ना?

एक अडचण मात्र कुठल्याच सूत्रानं सुटत नाही. जतच्या टीम जतमध्येच खेळल्या आणि वाळव्याच्या वाळव्यातच, तर दोन्हीकडचे आकडे आपापल्या डबक्यात फिरत राहतात, एकमेकांशी जोडलेच जात नाहीत. त्यासाठी सीझनला दोन-तीन तरी मैत्रीपूर्ण मॅच तालुक्याबाहेर व्हायला हव्यात. एसटीचं भाडं लागतं, पण पालकांनी मनावर घेतलं तर होतं. आणि शाळांनी पीटीचा तास गणिताला देणं बंद करावं, मी गणिताचा मास्तर असून सांगतोय, त्या तासानं कोणाचे मार्क वाढलेले मी बघितले नाहीत.

पुढच्या वर्षी आयोजकांनी निवडीसाठी माझा कागद घेतला. त्या गावाची टीम आत आली, सेमीफायनलला हरली. आमची कॅप्टन तोवर दहावी होऊन कॉलेजला गेली होती, खेळायला नव्हती. पण सकाळी आठला ती टेबलापाशी हजर, म्हणाली सर स्कोअरशीट लिहू का? दोन दिवस माझ्या शेजारी बसून लिहिलं तिनं, एक खाडाखोड नाही.

तर शाळेच्या सरांना, बाईंना आणि खेळणाऱ्या मुलींना एवढंच, एक वही घाला. तारीख, मॅच कुठे झाली, दोन्हीकडचे पॉइंट्स आणि समोरच्या टीमचं पूर्ण नाव. समोरच्या टीमचं नाव विसरू नका. आणि ती वही मार्चमध्ये रद्दीत घालू नका, पुढच्या सीझनला लागेल. नमस्कार.