जांघेतून मेंदूपर्यंत

व्याख्यान संपल्यावर पुढे या आणि ही तार हातात घेऊन बघा. जाडी ०.३६ मिलिमीटर. टोक इतकं मऊ की बोटावर टेकवलं तर वाकतं. हिच्यावरून एक बारीक पोकळ नळी सरकते, तिला कॅथेटर म्हणतात. जांघेतल्या नाहीतर मनगटाच्या धमनीतून आत शिरायचं, महाधमनीतून वर, मानेतून आणखी वर, आणि कवटीच्या आत तीनेक मिलिमीटर रुंदीच्या वाहिनीत पोचायचं. कवटी उघडायची नाही. सगळी वाट एक्स-रेच्या पडद्यावर बघत. मेंदूच्या धमन्या एक्स-रेवर पहिल्यांदा उमटवल्या एगास मोनीझ यांनी, लिस्बनमध्ये, १९२७ साली. तेव्हा एक्स-रेवर उमटणारं औषध थेट मानेतल्या धमनीत सोडलं जायचं. जांघेची वाट बरीच नंतर रुळली.

तारेचं सगळ्यांना कौतुक वाटतं. मलाही वाटायचं, अजून थोडं वाटतं. पक्षाघातात बहुतेकदा मेंदूच्या वाहिनीत रक्ताची गुठळी अडकलेली असते, ती काढायला आम्ही या वाटेने जातो. पण तार गुठळीपर्यंत पोचली म्हणजे माणूस उठून चालू लागतो असं नाही. आमच्या शाखेला हे २०१३ साली चांगलंच कळलं. त्या वर्षी तीन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले आणि तिन्हींत नळीवाटे केलेला उपचार नेहमीच्या उपचारापेक्षा सरस ठरला नाही. आता हे बंद करा, असंही काही जण म्हणाले.

चुकलं कुठे? काही रुग्णांत मोठी वाहिनी खरंच बंद आहे का, हे आधी पाहिलंच नव्हतं. उपकरणं जुनी होती, आणि उशीर फार व्हायचा. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण रक्त लागतं हृदयातून निघणाऱ्या रक्ताच्या १५ ते २० टक्के. मोठी वाहिनी तुंबली की मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला. अर्थात सगळ्यांत हा वेग सारखा नसतो. काहींच्या आजूबाजूच्या छोट्या वाहिन्या आडवाटेने रक्त पुरवत राहतात. तिथला मेंदू उपाशी असतो, मेलेला नसतो. आमची सगळी धडपड त्या उपाशी भागासाठी.

पुढे दोनच वर्षांत चित्र पालटलं. आता हाताशी जाळीच्या नळीसारखा स्टेंट होता: गुठळीत उघडायचा, काही मिनिटं थांबायचं, गुठळी जाळीत अडकली की दोन्ही ओढून बाहेर. नेदरलँड्समधल्या ५०० रुग्णांच्या चाचणीत तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे १०० पैकी ३३ होते, नुसत्या नेहमीच्या उपचाराने १९. हा फरक आमच्या क्षेत्रात फार मोठा आहे. मात्र उरलेल्या ६७ जणांना विसरू नका. २०१८ मध्ये आणखी एक गोष्ट सिद्ध झाली: निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही गुठळी काढून उपयोग होतो. निवडक हा शब्द महत्त्वाचा. स्कॅनवर वाचवण्याजोगा भाग दिसला तरच.

रक्तस्रावाचा पक्षाघात ही वेगळीच गोष्ट, तिथे वाट तीच, काम उलटं. काहींत धमनीच्या भिंतीला आलेला फुगा फुटलेला असतो, तो भरून बंद करायचा. गुग्लिएल्मी यांनी १९९० मध्ये प्लॅटिनमची मऊ कॉइल आणली. ती फुग्यात वेटोळी घालून बसते आणि बारीकशा विद्युतप्रवाहाने मागच्या तारेपासून सुटते. रुंद तोंडाच्या फुग्यांसाठी आता दाट विणीचा स्टेंट असतो. तो फुग्यात नाही, मूळ वाहिनीत ठेवतात.

आता घरच्यांचं काम. तोंड वाकडं झालं, हात पडला, बोबडी वळली, तर पाणी पाजू नका, घशात अडकतं. ॲस्पिरिनही देऊ नका. गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय मलाही ओळखता येत नाही. आणि आमचा पहिला प्रश्न 'त्रास कधी सुरू झाला' असा नसतो, कारण झोपेत झालेल्या पक्षाघाताची वेळ कुणालाच ठाऊक नसते. आम्ही विचारतो, यांना धडधाकट असताना शेवटचं कुणी पाहिलं आणि किती वाजता?