जुन्या घराला नवी खोली जोडताना

श्रोतेहो, नमस्कार. मुले मोठी होतात, आईवडील राहायला येतात, कुणाला घरी बसूनच काम करावे लागते, आणि आहे ते घर अपुरे पडू लागते. मग कधीतरी विषय निघतो, की मागच्या बाजूला एक खोली काढावी किंवा वर मजला चढवावा, आणि त्याच हाताने जुन्या घराचीही डागडुजी उरकून घ्यावी. अशा वेळी सगळ्यांचे लक्ष नव्या बांधकामाकडे असते. खोली केवढी, फरशी कोणती, खिडक्या किती, यावर घरात तासन्‌तास चर्चा होते. मला आज बोलायचे आहे ते मात्र जुने आणि नवे जिथे एकमेकांना टेकतात त्या सांध्याविषयी, कारण वाढीव बांधकामात पुढे ज्या तक्रारी निघतात त्यांतल्या बऱ्याचशा तिथूनच सुरू होतात.

घर बांधले की त्याच्या वजनाने खालची माती दबते आणि घर किंचित खचते. रेताड जमिनीत हे खचणे बहुतांशी बांधकाम चालू असतानाच आटोपते. चिकण मातीत मात्र ते वर्षानुवर्षे संथपणे चालू राहते, कारण मातीच्या बारीक छिद्रांतले पाणी बाहेर पडायलाच तेवढा काळ लागतो. जुने घर आपल्या वाटचे खचून स्थिर झालेले असते, आणि त्याच्या शेजारी उभी राहणारी खोली आता कुठे खचायला सुरुवात करणार असते. अशा स्थितीत जुन्या भिंतीत दाते काढून नवी भिंत तिच्यात घट्ट गुंतवली, तर खाली जाणारा भाग स्थिर भागाला ओढतो आणि सांध्याच्या आसपास तिरक्या भेगा उमटतात. गवंड्याला दोष देऊन, गिलावा खरवडून पुन्हा लावून हा प्रश्न सुटत नाही, कारण भेगेचे मूळ गिलाव्यात नसून जमिनीत असते.

यावर सरळ उपाय असा, की नव्या भागाला त्याचा स्वतंत्र पाया, स्वतःचे कॉलम आणि बीम द्यावेत, आणि दोन्ही भागांच्या मध्ये जोत्यापासून छतापर्यंत एक सलग फट सोडून ती लवचीक पदार्थाने भरावी. भूकंपप्रवण प्रदेशात ही फट इमारतीच्या उंचीच्या हिशेबाने अधिक रुंद ठेवावी लागते, कारण हादरे बसताना दोन्ही भाग वेगवेगळ्या गतीने झुलतात आणि जागा अपुरी असेल तर एकमेकांवर आदळतात. काही ठिकाणी रचनेच्या गरजेमुळे दोन्ही भाग सळयांनी एकत्र बांधणेच भाग असते. परंतु तो निर्णय मातीची पाहणी करून संरचना अभियंत्याने घ्यायचा असतो, जागेवर उभ्या असलेल्या कामगाराने नव्हे.

पाया खणतानाही एक पथ्य आहे. जुन्या पायाला खेटून त्याच्या तळापेक्षा खोल असा चर एका दमात सलग खणला, तर जुन्या पायाखालची माती बाजूला सुटू शकते आणि उभे घर धोक्यात येते. तेवढे खोल जाणे अपरिहार्यच असेल, तर साधारण एकेक मीटर लांबीचे तुकडे पाडून, एक सोडून एक याप्रमाणे खणावे लागतात, आणि भरलेल्या तुकड्यातले काँक्रीट पुरेसे घट्ट झाल्यावरच शेजारचा तुकडा उघडायचा असतो. हे काम रेंगाळते, कंत्राटदार कंटाळतो, आणि घाई होते ती नेमकी याच टप्प्यावर.

वरचा मजला चढवायचा असेल तर सांधा आडवा असतो, आणि त्याच्याखाली जुने घर सगळा भार पेलत असते. हा भार किती, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. सळई घातलेल्या काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे 2500 किलो धरतात; त्या हिशेबाने 15 सेंटिमीटर जाडीचा स्लॅब चौरस मीटरमागे 375 किलो भरतो, आणि 12 चौरस मीटरच्या एका मध्यम खोलीचे नुसते छत साडेचार टनांचे होते. नऊ इंची विटांची तीन मीटर उंच भिंत दर मीटर लांबीला आणखी सव्वा टनाच्या पुढे जाते. फरशी, गिलावा, सामान आणि माणसे यांचा हिशेब वेगळाच, आणि 1000 लिटरची पाण्याची टाकी भरली की ती एकटीच एक टन असते. भिंतींसाठी हलके ब्लॉक वापरले तर त्यांचे वजन निम्म्याहून कमी होते. पण मुळात जुना पाया आणि जुने कॉलम एवढा भार घेतील का, हे आधी ठरायला हवे.

ते ठरवण्याच्या पद्धती आहेत आणि त्या फार अवघड नाहीत. एकदोन ठिकाणी खड्डा घेऊन पाया किती रुंद आणि किती खोल आहे ते प्रत्यक्ष पाहता येते. काँक्रीटचा कठीणपणा रिबाउंड हॅमरने, म्हणजे पृष्ठभागावर आदळून उसळी मोजणाऱ्या हातोडीवजा उपकरणाने, अजमावता येतो. काँक्रीट मुळात अल्कधर्मी असते आणि त्यामुळेच आतल्या लोखंडाला गंज चढत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत मुरत गेला की हे संरक्षण कमी होते. ताज्या फोडलेल्या तुकड्यावर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण शिंपडले असता निरोगी भाग गडद गुलाबी होतो आणि संरक्षण गमावलेला भाग रंगहीन राहतो. सळईपर्यंत सगळा भाग रंगहीन दिसला, तर गंज लागला असण्याची किंवा लवकरच लागण्याची शक्यता धरून चालावे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणूनच बीमच्या खालच्या बाजूचे काँक्रीट फुगून त्याचे पोपडे खाली पडतात. अशा बीमवर मजला चढवणे म्हणजे साहस आहे, आणि कुटुंबाच्या घरात साहस नको.

नवी खोली जोडायची म्हणजे मधली भिंत बहुधा काढावी किंवा फोडावी लागते. भिंतीवर टकटक करून ती भार घेते की नाही हे सांगणारे लोक भेटतात. त्यांच्यावर विसंबू नये. वरच्या तुळया किंवा स्लॅब कोणत्या दिशेने टेकले आहेत, त्याच जागी वर दुसरी भिंत आहे का, हे पाहूनच निर्णय होतो. भार घेणाऱ्या भिंतीऐवजी बीम टाकला, की पूर्वी संपूर्ण लांबीवर पसरलेले वजन बीमच्या दोन टोकांवर एकवटते. तेव्हा नुसता बीम भक्कम असून भागत नाही; त्याची टोके जिथे टेकतात तिथला भाग आणि त्याखालचा पाया यांनाही ते वजन झेपले पाहिजे. टेकू दिल्याशिवाय एकही वीट काढू नये, हे सांगायला नकोच.

आता पाण्याकडे वळू. जुन्या छताला नवे छत जिथे मिळते तिथे पाणी शिरण्याची शक्यता सर्वाधिक. त्या सांध्यावर नुसता सिमेंटचा गोळा थापला तर तो एकदोन ऋतूंत सुटतो, कारण उन्हाने आणि गारव्याने दोन्ही छते सारखी प्रसरण-आकुंचन पावत असतात. तिथे हालचाल सहन करणारी जलरोधक पट्टी हवी, आणि तिची वरची कड भिंतीत खाच घेऊन आत दाबलेली हवी. जमिनीलगत वेगळी अडचण येते. जुन्या घराच्या जोत्यात ओल वर चढू नये म्हणून थर दिलेला असेल आणि नव्या खोलीची भरणी त्याच्याही वर आली, तर त्या थराचा उपयोग संपतो आणि आजवर कोरडी राहिलेली भिंत ओलसर होऊ लागते.

घर फारच जुने असेल तर त्याच्या भिंती चुन्यात बांधलेल्या असू शकतात. जोसेफ ॲस्पडिन याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट 1824 मध्ये घेतले, परंतु घरांच्या बांधकामात सिमेंटचा सर्रास वापर व्हायला त्यानंतर बराच काळ जावा लागला. चुन्याची भिंत ओल शोषते आणि कोरड्या हवेत ती सोडूनही देते. तिच्यावर सिमेंटचा कडक गिलावा चढवला तर ओल आत कोंडते, क्षार साठून लोणा फुटतो आणि मऊ विटांचा भुगा होऊ लागतो. अशा भिंतीची दुरुस्ती चुन्यानेच करावी असे माझे ठाम मत आहे. तो गिलावा वाळायला वेळ घेतो, तेवढा वेळ द्यावा.

नकाशावर सहसा नजरेतून सुटते ती गोष्ट म्हणजे उजेड. मागे खोली काढली की आजवर शेवटची असलेली खोली मधली होते. तिची खिडकी आता बाहेर न उघडता नव्या खोलीत उघडते किंवा बुजवली जाते, आणि एक चांगली खोली मिळवताना दुसरी चांगली खोली अंधारी करून आपण मोकळे होतो. शिवाय नव्या खोलीकडे जाण्याचा रस्ता याच मधल्या खोलीतून जातो, म्हणून तिच्यात पलंग किंवा टेबल निवांतपणे मांडता येत नाही. यातून वाट काढता येते. नवा भाग जुन्याच्या पूर्ण रुंदीला न चिकटवता बाजूला सरकवून मध्ये लहानसे मोकळे अंगण ठेवावे, किंवा सांध्याच्या पट्टीतच वरून उजेड घेणारे काचेचे छत द्यावे. आणि खरोखर नवी खोली हवी आहे की आहेत त्या खोल्यांची मांडणी बदलून भागेल, हा प्रश्न नकाशा काढण्यापूर्वी एकदा मनापासून विचारावा. कित्येक घरांत जागा कमी नसते, ती येण्याजाण्याच्या वाटांत वाया गेलेली असते.

विजेबाबत थोडक्यात सांगतो. नव्या खोलीचे दिवे आणि उपकरणे जुन्याच तारांवर लादू नयेत. मुख्य फळ्यापासून स्वतंत्र विद्युत मंडळे (सर्किट) आणावीत, अर्थिंग तपासून घ्यावे आणि 30 मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा ब्रेकर बसवावा. जुन्या भागात ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर ते करवतीने कापू नयेत की त्यांना छिद्रे पाडू नयेत, कारण त्यांचे तंतू श्वासावाटे आत गेल्यास फुप्फुसांचे गंभीर आजार होतात. ते काढण्याचे काम जाणकारांकडेच सोपवावे. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नये, विशेषतः घरात लहान मुले असतील तर.

कामाच्या काळात घरातच राहायचे असेल, तर एक स्वच्छतागृह आणि स्वयंपाकाची एक जागा शेवटपर्यंत चालू राहील असा क्रम आधी लिहून काढावा. मधली भिंत सर्वांत शेवटी फोडावी. तोवर नव्या बाजूचे छत, दारे आणि खिडक्या पूर्ण झालेल्या असाव्यात, म्हणजे धूळ आणि पाऊस घरात येत नाहीत. काँक्रीटवर किमान सात दिवस सतत पाणी मारावे लागते आणि त्याची ताकद 28 दिवसांच्या मुदतीवर मोजतात; पैशाची किंवा मुहूर्ताची घाई या मुदतीला लागू पडत नाही. अंदाजपत्रकात 10 ते 15 टक्के रक्कम राखून ठेवावी, कारण जुनी भिंत उघडल्यावर आत काय निघेल हे कुणालाच आधी सांगता येत नाही. बदल ठरला की तो खर्चासह त्याच दिवशी कागदावर यावा. गिलावा करण्यापूर्वी प्रत्येक भिंतीतले नळ आणि तारांच्या नळ्या यांची मापपट्टी धरून छायाचित्रे घ्यावीत. पुढे खिळा ठोकताना त्यांची किंमत कळते.

राहिला सांध्याचा बाह्य भाग. त्यावरून अखंड गिलावा ओढून तो लपवू नये, कारण तिथे केसासारखी रेघ उमटणारच. फटीवर एका बाजूलाच बसवलेली धातूची किंवा लाकडाची पट्टी द्यावी, म्हणजे दोन्ही भाग आपापल्या परीने हलू शकतात. भिंतीचा अंतिम रंगही लगेच देऊ नये. सगळे ऋतू येऊन जाईपर्यंत एक वर्ष साध्या हातावर काढावे, दरम्यान भेगा पडल्या तर त्यांच्या टोकांवर पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख लिहावी आणि त्या वाढतात का ते पाहावे. वाढ थांबलेली भेग लवचीक भरणीने बुजवून मग रंगकाम करावे. वाढत राहिलेली भेग असेल तर रंगाऱ्याच्या आधी अभियंत्याला बोलवावे.