२०० मीटरचं घड्याळ आणि आतली वाफ

तारकर्लीला स्कूबा करायला आलेला पर्यटक खाली जातो किती, तर फार फार तर १० मीटर. आणि हे घड्याळ, सेको एसकेएक्स ००७, ह्याच्या डायलवर चक्क २०० मीटर लिहिलंय, तरी काचेला आतून वाफ धरलीये. घड्याळ तिथल्याच एका डाइव्ह इन्स्ट्रक्टरचं, सेकंडहँड घेतलेलं. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सांगितलं अख्खं मशीन बदला, खर्चाचा आकडा ऐकून पोरगा म्हणाला एवढ्यात दुसरं घड्याळ येईल की. म्हणून मुंबईला आल्यावर तो इथे आलाय, गिरगावात, चाळीच्या जिन्याखालच्या दुकानात. दुकान म्हणजे एक टेबल, एक भिंग आणि काका.

तो २०० चा आकडा खोटा नाही बरं का. डायव्हर्स वॉचसाठी आयएसओ ६४२५ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात लिहिलेल्या आकड्यापेक्षा २५ टक्के जास्त प्रेशर देऊन बघतात. पण ते सगळं पाणी अडवणाऱ्या आतल्या रबरी रिंगा नव्या असताना. हे मॉडेल आलं १९९६ ला, बंद झालं २०१९ ला, म्हणजे आज जे पीस हातोहात फिरतायत त्यातल्या बऱ्याच जणांत रबर अजून कंपनीनं बसवलेलंच असतं.

काका मागचं झाकण फिरवून काढतात. खाचेतली ही काळी रिंग बघा, चिमट्याने उचलली की लवायला हवी, ही चपटी होऊन दोन ठिकाणी तडकलीये. तरी काकांचा संशय चावीवर, म्हणजे बाजूला असते त्या फिरवायच्या बटणावर. झाकण कोण उघडतंय, चावी मात्र तारीख लावायला सारखी निघते आणि परत फिरवताना आटे अर्धवट बसतात.

"खारं पाणी नाय ना गेलं रे?"

"नाही काका, नुसती वाफ दिसत होती."

नशीब. खारं पाणी गेलं तर त्याच दिवशी उघडायला पाहिजे, लोक तांदळाच्या डब्यात ठेवतात, पण तांदूळ मीठ कसं काढणार? इथे गंज नाही, साफसफाई आणि ऑइलिंगवर भागतंय. गंजलं असतं तरी सेकोचंच एनएच ३६ नावाचं मशीन ह्याच केसमध्ये बसतं, फक्त चावी ३ ऐवजी ४ च्या आकड्यापाशी असल्यामुळे दिवस-तारखेच्या चकत्या जुन्याच लावायच्या, नाहीतर खिडकीत तारीख वाकडी.

नवी रिंग, तिला सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात. आता खरी मजा. मशीन बाहेरच, रिकामी केस टेस्टरमध्ये. जाड पारदर्शक नळकांडं, खाली पाणी, वर हवा, केस हवेत टांगलेली. हातपंपाने ६ बार प्रेशर, म्हणजे साधारण ६० मीटर खोलीएवढं, आणि थोडा वेळ थांबायचं. फट असेल तर तेवढ्यात हवा आत घुसते. मग केस पाण्यात बुडवून प्रेशर हळूहळू सोडायचं, की ती हवा त्याच फटीतून बाहेर, सायकलचं पंक्चर शोधतात तसंच. बेझलखालून, म्हणजे काचेभोवतीच्या फिरत्या कड्याखालून, एखाद-दुसरा बुडबुडा निघतो, तो धरायचा नाही. पण हे बघा, चावीपाशी बारीक माळ लागलीये, एकामागून एक, थांबतच नाही! काका केस पटकन वर ओढतात, प्रेशर पूर्ण जाईपर्यंत ती पाण्यात राहिली तर पाणीच आत जायचं.

चावीच्या आतलं रबर बदलत बसणं किचकट, म्हणून चावीच नवी. परत पंप, परत थांबणं, परत पाणी. ह्यावेळी माळ नाही.

बिल सर्व्हिस सेंटरच्या आकड्याच्या पावपटसुद्धा नाही. आमच्या मते स्वस्तातलं दुकान शोधताना किंमत नंतर विचारा, आधी विचारा टेस्टर आहे का, कारण रबर कुणीही बदलेल पण टेस्टशिवाय ही चावी सापडलीच नसती.

"पावसाळ्यात तुमचं स्कूबा बंद असतं ना, तेव्हा टेस्ट करून जा. रबर चांगलं असलं तर नाय बदलणार. आणि समुद्रातनं आलास की गोड्या पाण्याने धुवायचं, पाण्यात असताना चावीला हात नाय लावायचा."